झोनिंगची नियमावली सुटसुटीत करायची तर सुरुवात कुठून करावी?

शहराची झोनिंग नियमावली, म्हणजे कोणत्या जमिनीचा काय वापर करता येईल हे ठरवणारे नियम, अद्ययावत आणि सुटसुटीत करायची असेल, तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की प्रथम एकेका सर्वे नंबरासाठी आराखड्यावरचा रंग, म्हणजेच जमिनीचा विभाग, बदलून देण्याची वाट बंद करावी. नियमांची पाने कमी करण्याचे काम त्यानंतरचे आहे. हे मी गोव्यातील अनुभवावरून लिहितो आहे.

आमचे वडिलोपार्जित घर फोंडा तालुक्यात, शहराच्या वेशीला लागून आहे. पुढे बलकांव (बसायची ओसरी), मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे उतरत गेलेले कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. एका पावसाळ्यात स्वयंपाकघराची मातीची भिंत खचली. ती नव्याने बांधण्यासाठी मी झोनिंगचा दाखला काढला, तेव्हा समजले की सेटलमेंट (वस्तीचा) आणि ऑर्चर्ड (बागायतीचा) या दोन विभागांची सीमा आमच्या स्वयंपाकघराच्या मधोमध गेली आहे. घर हे विभाग आखणाऱ्या आराखड्यापेक्षा कितीतरी जुने आहे आणि सर्वेच्या नकाशावर त्याची आकृतीही आहे. तरीही एका कार्यालयातील एका टेबलावर सांगितले गेले की ही साधी दुरुस्ती आहे, आणि त्याच कार्यालयातील दुसऱ्या टेबलावर सांगितले गेले की हे ऑर्चर्डमधील नवे बांधकाम ठरते. लेखी उत्तर कोणीच देईना. आई तो सगळा पावसाळा मागच्या पडवीत ताडपत्रीखाली स्वयंपाक करत होती.

गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात (१९७४) २०२३ साली कलम १७(२) नव्याने आले होते. प्रादेशिक आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका सुधारणे, हा त्याचा सांगितलेला हेतू, आणि आमच्या स्वयंपाकघरातून गेलेली रेषा ही तशीच चूक होती. परंतु माझ्या थोरल्या भावाचे म्हणणे पडले, की अर्ज करायचाच आहे तर भिंतीपुरता कशाला, सगळे कुळागरच सेटलमेंटमध्ये घेऊ, म्हणजे पुढे प्लॉट पाडता येतील. पोफळीला आता काय उरले आहे, असे तो म्हणाला. ज्या कुळागराने आम्हा भावंडांची शिक्षणे केली, जिथे आजही पाट वाहतो, ते आराखड्यात चुकून हिरवे रंगवले गेले, असे खोटे लिहून देण्यास मी तयार नव्हतो. मी सही केली नाही. त्यावरून आमचे जे बिनसले, ते अजून पुरते निवळलेले नाही.

भिंतीचा प्रश्न अखेर जुन्याच जोत्यावरची दुरुस्ती म्हणून सुटला. म्हणजे विभाग बदलण्याची गरज मुळातच नव्हती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थही मर्यादित केला. दादाला मी जे घरात बसून सांगत होतो, ते याहून वेगळे नव्हते: मालकाच्या अर्जावर एकेक तुकडा बदलत जाणे म्हणजे नियोजन नव्हे. विभाग बदलण्यासाठीच २०२४ साली आलेल्या ३९ अ या कलमात हरकतींसाठी तीस दिवस दिले आहेत, पण अर्ज एकेका मालकाचाच असतो, म्हणून माझा आक्षेप त्यालाही आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. गोव्यात शहरांसाठी बाह्य विकास आराखडे, उरलेल्या गावांसाठी प्रादेशिक आराखडा आणि त्यावर २०१० ची बांधकाम नियमावली असे थर आहेत. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या आंदोलनामुळे मागे घ्यावा लागला, आणि त्यानंतर आलेल्या आराखड्याच्या नावातले २०२१ हे वर्षही उलटून गेले. अद्ययावत करणे म्हणजे नवा आराखडा ग्रामसभांपुढे ठेवून करणे. मधल्या काळात कलमांची ठिगळे लावत राहणे नव्हे. जपानमध्ये साऱ्या देशासाठी वापराचे १३ विभाग पुरतात आणि बहुतेक निवासी विभागांत घराला जोडून छोटे दुकान चालते. तसे थोडे, पण सर्वत्र सारखे विभाग आपल्याकडेही करता येतील. जुन्या घराची दुरुस्ती, बलकांवात चालणारे शिवणकाम, मुलासाठी वाढवलेली एक खोली अशा कामांना कोणाच्या मर्जीवर न सोडता नियमातच परवानगी असावी, आणि ज्या घराची आकृती सर्वेच्या नकाशावर आहे ते घर पूर्णपणे एकाच विभागात धरले जावे.

एक मर्यादा सांगायला हवी. माझा अनुभव शहराच्या कडेचा आहे. पणजीतील फोंताइन्यशसारख्या वारसा वस्तीला किंवा सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) येणाऱ्या नदीकाठाला स्वतंत्र आणि काटेकोर नियम लागतात, आणि तिथे सुटसुटीतपणाचा आग्रह मी धरणार नाही. आपली स्वतःची जमीन सामाईक असेल, तर मात्र कोणताही अर्ज करण्याआधी एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीवर) ज्यांची नावे आहेत, त्या सर्वांचे म्हणणे लेखी घ्या. आमच्या घरात ते तोंडीच राहिले, आणि दादा आजही म्हणतो की मी आधी होकार दिला होता. मी तो दिलेला नव्हता.