हिल्बेर्तो मोरा: गोल्ड कपनंतर लगेच युरोपात का नाही?

प्रश्न दोन आहेत. २०२५ चा गोल्ड कप (उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनची देशांची स्पर्धा) मेक्सिकोबरोबर जिंकल्यावर तिहुआना क्लबचा सोळा वर्षांचा मिडफिल्डर मोरा लगेच युरोपात का गेला नाही? आणि तो ‘दहा नंबर’ (आघाडीच्या जरा मागे राहून गोलच्या संधी घडवणारा) आहे की ‘आठ नंबर’ (मध्यावर बचाव आणि हल्ला दोन्हीत धावणारा)? दुसऱ्याचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं, पण पहिल्याबद्दल गैरसमज फार पसरलेत, म्हणून सुरुवात तिथून. (इंग्रजी समालोचनात ‘गिल्बर्टो’ ऐकू येतं. स्पॅनिशमध्ये त्या जागी ‘ह’ आहे, म्हणून हिल्बेर्तो.)

मेक्सिकोतला त्याचा क्लब तिहुआना अडून बसला, पैसे जास्त मागितले, अशा गोष्टी सांगितल्या जातात. खरा अडसर फिफाच्या बदली नियमांतल्या कलम १९ चा आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत खेळाडूची दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत. पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले, तर एक. युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्यात जाणाऱ्या १६ ते १८ वयाच्या मुलांसाठी दुसरा. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडच्या क्लबांना हा दुसरा अपवादही उरलेला नाही. सीमेजवळच्या मुलांसाठी तिसरा अपवाद आहे, आणि तिहुआना अमेरिकेच्या सीमेला अगदी खेटून असल्यामुळे तो इथे हमखास विचारला जातो. त्यात घर आणि नवा क्लब दोन्ही सीमेपासून ५० किमीच्या आत लागतात, दोघांमधलं अंतर १०० किमीपेक्षा जास्त चालत नाही, मुलाने स्वतःच्या घरीच राहावं लागतं आणि दोन्ही देशांच्या संघटनांची संमती लागते. म्हणजे कागदावर सॅन डिएगो शक्य, माद्रिद नाही.

मोराचा जन्म १४ ऑक्टोबर २००८ चा, चियापास राज्यातल्या तुश्तला गुतिएरेसचा. अठरा पूर्ण होतात १४ ऑक्टोबर २०२६ ला. आता इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. युरोपातल्या मोठ्या लीगची उन्हाळी ट्रान्सफर विंडो (नव्या खेळाडूंची नोंदणी करण्याचा ठरलेला काळ) सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंद झालेली असते. वाढदिवस ऑक्टोबरात, त्यामुळे नोंदणी व्हायची ती जानेवारी २०२७ च्या विंडोत, त्याआधी नाही. बोलणी आणि सही मात्र आधी होऊ शकते. ब्राझीलच्या एंद्रिकचा सौदा रेआल माद्रिदने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला, पण तो पाल्मेइरास या तिथल्या क्लबमधून माद्रिदला गेला २०२४ च्या जुलैत, अठरा भरल्यावर. शिवाय फिफाच्या नियमांत अठराखालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त धरला जात नाही. सोळाव्या वर्षी सही केली तर अठराव्या वर्षी हातात एकच वर्ष उरतं आणि क्लबची सौद्यातली बाजू पडते. म्हणून अशा मुलांचे करार मुदतीच्या बरेच आधी पुन्हा लिहिले जातात. ‘मोराने करार वाढवला, म्हणजे त्याला जायचं नाही’ हा अर्थ त्यामुळे निघत नाही.

आता तो इतक्या लवकर खेळला कसा? मेक्सिकोच्या पहिल्या श्रेणीत, लीगा एमएक्समध्ये, २०२० पासून खालच्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार नव्हती. त्यात तरुण खेळाडूंना ठरलेली मिनिटं द्यावी लागतात, नाहीतर गुण कापले जातात. दोन्हींमुळे प्रशिक्षकाला पोरगा मैदानात सोडायची भीती कमी वाटते. तरीही नियम पोराला फार तर मैदानात उतरवतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तो दिसला तर ते खेळाच्या जोरावर. तिहुआनाचा तेव्हाचा प्रशिक्षक हुआन कार्लोस ओसोरियोने ऑगस्ट २०२४ मध्ये मोराला पहिली संधी दिली आणि त्याच महिन्यात लेऑनविरुद्ध गोल करून तो लीगा एमएक्सच्या इतिहासातला सर्वांत कमी वयात गोल करणारा ठरला. सोळा पूर्ण व्हायला तेव्हा दीड महिना बाकी होता.

गोल्ड कपमध्ये मेक्सिकोचा प्रशिक्षक हाविएर आगिरेने त्याला थेट उपांत्यपूर्व सामन्यात, सौदी अरेबियाविरुद्ध, पहिल्या अकरात उतरवलं. होंडुरासविरुद्धच्या उपांत्य सामन्यात राऊल हिमेनेसचा एकमेव गोल मोराच्या पासवर झाला. ६ जुलैला ह्यूस्टनमध्ये अमेरिकेवर २-१ असा विजय मिळाला तेव्हाही तो सुरुवातीपासून खेळत होता. वय १६ वर्षं २६५ दिवस. मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्यांत लामिन यामाल (१७ वर्षं १ दिवस) आणि पेले (१७ वर्षं २४९ दिवस) दोघेही त्याच्यापेक्षा मोठे होते. वयाचा विक्रम मथळ्यात शोभतो. मला त्याहून मोठी वाटते ती जागा, जिथे आगिरेने त्याला ठेवलं.

म्हणजे दुसरा प्रश्न. ४-३-३ मध्ये (चार बचावपटू, तीन मध्यावर, तीन आघाडीवर) मधल्या तिघांत तळाला एद्सन आल्वारेस, उजवीकडे मार्सेल रुइस आणि डावीकडे मोरा. ही आठ नंबरची जागा. इथे चेंडू हरवला तर मागे एकटा आल्वारेस आणि समोर प्रतिस्पर्ध्याला मोकळं मैदान, म्हणून प्रशिक्षक पोरांना सहसा कडेला, विंगवर, खेळवून शिकवतात; तिथली चूक टचलाइनबाहेर जाते. मोराला मध्यावर ठेवता आलं, कारण चेंडू येण्याआधी तो खांद्यावरून मागे पाहून घेतो आणि अंग अर्धवट वळवून पास घेतो. मग पहिल्याच स्पर्शात तोंड प्रतिस्पर्धी गोलकडे होतं. तिहुआनासाठी तो अनेकदा आणखी पुढे, दहा नंबरसारखा खेळतो. माझं उत्तर: आज आठ, आणि चेंडू मैदानाच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात पोचला की दहा.

चिलीतल्या २० वर्षांखालील विश्वचषकात (२०२५) हे आणखी स्पष्ट दिसलं. ब्राझील, स्पेन आणि मोरोक्को असा गट. स्पेनशी २-२ बरोबरीत दोन्ही गोल त्याचे, मोरोक्कोविरुद्धच्या १-० मध्ये पेनल्टी त्याची, आणि तोच मोरोक्को पुढे विश्वविजेता झाला. मेक्सिको उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाकडून ०-२ हरला. एक लक्षात ठेवा, या वयोगटातल्या स्पर्धांसाठी क्लबवर खेळाडू सोडण्याची सक्ती नसते. लीग चालू असताना तिहुआनाने त्याला सोडलं.

कमी पडतो कुठे? पाठ गोलकडे असताना अंगावर येणाऱ्या बचावपटूपुढे चेंडू टिकवण्यात. आणि भाराचा प्रश्न आहे: क्लब, देशाचा मुख्य संघ, देशाचा वयोगटाचा संघ, तिन्हीकडे तोच. हाडं वाढत असताना मांडीचे आतले स्नायू आणि जांघ आधी कुरकुरतात, त्यात तिहुआनाचं घरचं मैदान कृत्रिम गवताचं.

घाई काय करते ते मेक्सिकोच्याच दिएगो लाइनेसकडे पाहून कळतं. अठराव्या वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, तो आमेरिका या मेक्सिकोतल्या क्लबमधून स्पेनच्या बेतिसला गेला. त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक किके सेतिएन गेले, मिनिटं आटत गेली, पुढे पोर्तुगालच्या ब्रागाला उसना दिला आणि २०२३ मध्ये तो तिग्रेसला, मेक्सिकोत परतला. एद्सन आल्वारेस २०१९ मध्येच नेदरलँड्सच्या आयाक्सला गेला, पण एकविसाव्या वर्षी, २०१८ चा विश्वचषक खेळून आणि आमेरिकाला लीग जिंकून देणाऱ्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल करून. म्हणून मोराचा क्लब निवडताना नावापेक्षा त्या जागेवर आधीच किती जण आहेत आणि प्रशिक्षकाचा करार किती उरलाय, हे आधी बघावं.

सामना पाहायचा असेल तर तिहुआनात शुक्रवारी रात्री ९ ला सुरू होणारा खेळ आपल्याकडे शनिवारी सकाळी ९:३० ला लागतो. नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत १०:३० ला. पहिली वीस मिनिटं चेंडू सोडून फक्त त्याची मान बघा.