हेडमास्तर तोंडी नाही म्हणाले, आता?

शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावरही झेडपी आणि महापालिका शाळांतल्या पालकांचे फोन थांबलेले नाहीत. बहुतेक जण 'हेडमास्तर असं म्हणाले' इथूनच सुरुवात करतात. माझं पहिलं विचारणं ठरलेलं : लिहून दिलं का?

प्रश्न : मुलगा खासगी इंग्रजी शाळेत चौथीपर्यंत शिकला. फी थकल्यामुळे ती शाळा दाखला अडवून बसलीय. गावची झेडपी शाळा म्हणते, दाखला आणा, मग नाव घालू. पोराचं वर्ष जाणार का? (एक वडील, बीड जिल्हा)

जाणार नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 दोन्ही शाळांना बांधतं. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. टाळाटाळ केली तर शिस्तभंगाची कारवाई. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. जन्माचा पुरावा हाताशी नसेल तर कलम 14 आहे, जून उलटून गेला असेल तर कलम 15. दोन्ही कारणांनी मुलाला दारातून परत पाठवता येत नाही. थकलेली फी तुम्ही देणं लागता, ती शाळेने तुमच्याकडे जरूर मागावी. त्यासाठी पोराला ओलीस धरू नये.

हा कायदा आठवीपर्यंतचा, वय 6 ते 14. नववीच्या मुलासाठी हीच कलमं पुढे केलीत तर फसाल.

आता करायचं काय? झेडपी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा, दोन प्रतींत. एक द्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या. घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी नकार देणारे पुष्कळ. तोच नकार सही-शिक्क्यानिशी देणारा हेडमास्तर मी नोकरीत फार थोडा पाहिला. तरीही अडलं, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करा. कलम 32 प्रमाणे दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तारीख आणि पोच नसलेल्या तक्रारी माझ्याही टेबलावर यायच्या. त्या फायलीत जातात आणि फायलीतच निवृत्त होतात.

प्रश्न : मुलीचं आधार नाही, म्हणून पहिलीत नाव घेत नाहीत. (ऊसतोड कामगार, जालना जिल्हा)

नाव घ्यावंच लागेल. 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की शाळाप्रवेश ही 'सेवा'ही नाही आणि 'अनुदान'ही नाही. शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क आहे, त्यासाठी आधारची सक्ती चालणार नाही. हेडमास्तरांची अडचण मी समजू शकते. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे या सरकारी मंजुरीत, पदं आधार जुळलेल्या पटावर ठरतात, त्यामुळे बिनआधारचं मूल त्यांना जड वाटतं. पण ते ओझं सहा वर्षांच्या पोरीने का उचलायचं? नाव आधी घाला, आधार सावकाश काढा.

प्रश्न : गुरुजींच्या छडीने दुसरीतल्या मुलीच्या हातावर वळ उठले. सासरे म्हणतात, आम्हीही मार खाऊनच शिकलो. तक्रार करू का? (एक आई, सांगली)

करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. वर्गासमोर 'ढ' म्हणून रोज हिणवणं दुसऱ्यात येतं. 'मारा हवं तर, पण शिकवा' असं पालकांनी स्वतः सांगितलं, तरी शिक्षकाला मुभा मिळत नाही. वळांचे फोटो आजच काढा, सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, मग मुख्याध्यापकांकडे लेखी जा.

एक वेगळं, आणि फार गंभीर. प्रकार नकोशा स्पर्शाचा असेल तर 'शाळेतच मिटवू' हे ऐकून घेऊ नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, हे मला प्रोसिडिंगवर (सभेच्या नोंदवहीवर) सही मागायला शिपाई घरी आला तेव्हा कळलं! (एक आई, नाशिक जिल्हा)

हसू नका, अशा सभासद गावोगाव आहेत. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. ती निम्मी संख्या भरायला तुमचं नाव गेलं असणार. पण नाव गेलंच आहे, तर ते वापरा. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाचा खर्च पाहणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ने समितीचं कामच ठरवलंय. पुढच्या सभेत पासबुक आणि कॅशबुक मागा. दुपारी जाऊन खिचडी चाखा : पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, सहावी ते आठवीला 700 आणि 20. पातळ पाण्यात डाळ शोधावी लागत असेल तर तेच प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा. न झालेल्या सभेवर सही मात्र करू नका.

प्रश्न : नवरा वेगळा राहतो. शाळा म्हणते, अर्जावर वडिलांचीच सही लागेल. (पुणे)

लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या व्याख्येत पालक म्हणजे आई किंवा वडील. जन्मदाते, सावत्र वा दत्तक घेणारे, कुणीही. ताब्याबाबत कोर्टाचा आदेश नसेल तर तुमची एकटीची सही पुरते. अर्जाला त्या व्याख्येची, कलम 2 ची, झेरॉक्स टाचून द्या; खिडकीवरचा कारकून निम्मा वाद तिथेच सोडतो.