प्रिंट पोचवलीस का?

प्रिय मुला,

रविवारी लॅपटॉपवर बेचाळीस हजार फोटो दाखवलेस आणि विचारलंस, "मावशी, इंजिनिअरिंग सोडू का? यात पोट भरेल का?" मी चहा टाकायला उठले, ती उत्तर टाळायलाच. पण रात्री झोप लागेना, म्हणून लिहितेय.

त्यातला मंडईतला हमाल फार सुरेख आलाय. त्याला प्रिंट दिलीस का? "नाव नाही माहीत," म्हणालास. मग काय कमावलंस रे?

1979 साली मी चौदा वर्षांची होते. वडिलांचा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा हाती लागला. 120 नंबरच्या फिल्मचा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो, ते महिनाभर पुरवायचे. दहा फुटांच्या आत गेलं की चेहरा धूसर. नारायण पेठेतल्या वाड्यात मोरीच्या झरोक्याला घोंगडी लावायची आणि लाल दिव्यात फोटो धुवायला बसायचं. फोटो उमटवणारं रसायन, डेव्हलपर, हवं 20 अंशांवर, आणि मे महिन्यात नळालाच कोमट पाणी! मग रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून ट्रे त्यात ठेवायचा. बाहेर आई खरकटी भांडी घेऊन ताटकळत उभी. फोटो मोठा करणारा एन्लार्जर कुठला? ब्रोमाइड पेपरवर निगेटिव्ह ठेवून वरून देवाच्या तसबिरीची काच दाबायची. सव्वादोन इंची चौकोनी प्रिंट निघायची, आणि जेवताना हाताला फोटो पक्का करायच्या हायपोचा वास.

त्या प्रिंटा मी मंडईत नेऊन वाटायचे. कोथिंबीरवाल्या मावशींनी त्यांची प्रिंट तागडीच्या काट्याला दोऱ्यानं बांधून ठेवली होती. 1984मध्ये त्याच म्हणाल्या, "पोरी, लेकीच्या लग्नात फोटो काढशील?" धंदा असा सुरू झाला. प्रिंट पोचवली म्हणून!

पुढे पस्तीस वर्षं लग्नं केली. 'लग्नाचे फोटो काढणारी' म्हणून लोक नाक मुरडतात, तूही मनात म्हणाला असशील. म्हण. नवरीच्या खोलीत त्या काळी पुरुष फोटोग्राफरला कोण शिरू देतंय? मला दार उघडायचे. त्या लग्नांवर दोन मुलं शिकली आणि एरवीचा दिवस माझ्या फोटोंना मोकळा राहिला.

आणि कॅमेरा कोणता घेऊ, हे परत विचारू नकोस. 2012 साली कोडॅकसारख्या कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपन्यांचं काय घेऊन बसलायस?

आता जे कुणाला सांगत नाही ते सांगते. 1991मध्ये मंडईच्या दारात लिंबं विकणाऱ्या एका आजींचा फोटो काढला. स्पर्धेत बक्षीस मिळालं. मग मोठा करून बालगंधर्व कलादालनात लावला. मंडईतून चालत अर्ध्या तासावर, पण आजींना मी सांगितलंसुद्धा नाही. 'छान फ्रेम करून नेऊ' म्हणत अकरा महिने घालवले. गेले तेव्हा टोपलीमागे सून बसलेली. तिनं कोरडीच प्रिंट पदरानं पुसली आणि म्हणाली, "दहाव्याला लावायला एक फोटो नव्हता, ताई."

तेव्हापासून हटून बसलेय. आधी प्रिंट, मग स्पर्धा. आधी प्रिंट, मग प्रदर्शन. या हट्टापायी मुंबईचं एक मोठं काम सोडलं, कारण प्रिंटा वाटत फिरायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. घरच्यांना अजून वाटतं, चुकलीच. मला नाही वाटत. म्हणजे, रोज नाही वाटत.

इंजिनिअरिंगचं आईबाबांशी बोल. त्यात मला ओढू नकोस. 4 बाय 6ची प्रिंट आज चहाच्या पैशांत निघते, त्यामुळे सबबही नाही. मागे तारीख घाल, पण बॉलपेननं दाबून नको, पुढे उमटतं. सकाळी सहाला जा, माल उतरत असतो तेव्हा तो हमाल तिथंच असेल. उद्याच जा, 'छान फ्रेम करून' वगैरे नको.

आणि नाव विचारून मला कळव.

तुझी
मावशी