प्रश्न तुमचे: युरोव्हिजनच्या बारा गुणांचा हिशेब

युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातल्या देशांची दरवर्षीची गीतस्पर्धा, प्रत्येक देशाचं एक गाणं. तिचं परीक्षण कसं चालतं, याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: २०२३ साली फिनलंडचा गायक कॅरिया याला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, तरी जिंकली स्वीडनची लोरीन. परीक्षकांनी लोकांचा कौल फिरवला असंच म्हणायचं ना?

आकडे समोर ठेवले की चित्र थोडं वेगळं दिसतं. कॅरियाला प्रेक्षकांकडून ३७६ आणि परीक्षकांकडून १५० गुण मिळाले, एकूण ५२६. लोरीनला परीक्षकांचे ३४० आणि प्रेक्षकांचे २४३, एकूण ५८३. म्हणजे लोरीन प्रेक्षकांनाही नकोशी नव्हती, त्यांच्या यादीत ती दुसरी होती. कॅरिया परीक्षकांच्या यादीत चौथा होता. एका यादीत पहिलं आणि दुसऱ्या यादीत दुसरं आलेलं गाणं हरवायला फार मोठी आघाडी लागते. तेवढी त्याच्याकडे नव्हती.

प्रत्येक सहभागी देश दोन वेगळे संच देतो, एक परीक्षकांचा आणि एक प्रेक्षकांचा. प्रत्येक संचात १२, १०, ८ आणि मग ७ पासून १ पर्यंत, असे मिळून ५८ गुण असतात. फक्त दहा गाण्यांना काहीतरी मिळतं, अकराव्याला शून्य. त्यामुळे सगळ्यांना ‘बरं’ वाटलेलं गाणं सगळीकडे अकरावं-बारावं येऊन कोरडंच राहू शकतं. शून्य गुण म्हणजे सर्वांत वाईट गाणं, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

आणि कौल दोन्ही दिशांनी फिरतो. २०२२ साली युक्रेन जिंकलं ते प्रेक्षकांच्या ४३९ गुणांवर, परीक्षकांचे त्यात १९२ होते. २०२५ मध्ये प्रेक्षकांच्या यादीत इस्रायल २९७ गुणांनी पहिलं होतं, पण परीक्षकांकडून ६०च आले. ऑस्ट्रियाचा जेजे परीक्षकांचे २५८ आणि प्रेक्षकांचे १७८ घेऊन पुढे निघून गेला.

प्रश्न: परीक्षक नेमकं काय पाहतात? चार निकषांना प्रत्येकी पंचवीस टक्के असतात का?

निकष चार आहेत: गाण्याची रचना आणि वेगळेपणा, रंगमंचावरच्या सादरीकरणाचा दर्जा, गळ्याची ताकद आणि एकूण परिणाम. परीक्षक मात्र चार रकाने भरून बेरीज मारत नाही. तो गाण्यांची पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमवारी लावतो. अंतिम फेरीत २६ गाणी असली आणि त्यात स्वतःच्या देशाचं असलं, तर उरलेल्या २५ गाण्यांची. आपसात चर्चा करायला मनाई असते.

रचनेबद्दलचं मत तालमीच्या आधीच बनायला हवं, कारण चाल रातोरात बदलत नाही. गाणं तीन मिनिटांच्या आत संपवावं लागतं. धृपद लवकर येतं आणि दुसऱ्या कडव्यानंतर बऱ्याच गाण्यांकडे सांगायला काही उरत नाही. तिथे कान द्यावा. शेवटच्या धृपदाला पट्टी अर्ध्या किंवा एका सुराने वर चढवणं ही जुनी क्लृप्ती आहे. चालीच्या ओघात ती आली तर उत्तम, नुसती टाळ्यांसाठी चिकटवलेली असली की लगेच कळते.

गळ्याबाबत आधी काय जिवंत आहे आणि काय ध्वनिमुद्रित, हे पक्कं करावं. १९९९पासून वाद्यवृंद नाही, सगळी वाद्यं ध्वनिमुद्रित वाजतात. मंचावरचा ड्रमर कितीही घामाघूम झाला तरी तो अभिनयच असतो, त्याच्या हातांवर भाळून क्रमांक देऊ नये. २०२१पासून मागचे कोरसचे आवाजही ध्वनिमुद्रित चालतात. मुख्य चाल गाणारा आवाज मात्र थेटच हवा. म्हणून जाडजूड धृपदावरून गळा ओळखायला जाऊ नये, तिथे बरंच काही झाकलं जातं. उघडी पडते ती कडव्याची पहिली ओळ. खालच्या सुरांवर, धडधडत्या छातीने आणि अर्ध्या श्वासावर गायलेली ही ओळ सुरात लागली, तर गायक तयार आहे असं समजावं. दुसरी जागा नाचानंतरची. तिथे लांबवलेल्या सुराचं शेपूट खाली घसरतं आणि शब्दांचे शेवट गिळले जातात. तिसरी जागा शेवटच्या उंच सुराची. नुसत्या उंचीवर जाऊ नका. गायकाने तो सूर थेट पकडला की खालून सरपटत गाठला, ते ऐका.

गायक मध्येच कानातलं यंत्र काढतो, त्याकडेही लक्ष ठेवावं. त्या यंत्रातून त्याला संगीत वेळेवर ऐकू येतं. ते काढलं की सभागृहात फिरून आलेला आवाज कानावर पडतो, आणि ५० मीटर कापायला आवाजाला जवळपास ०.१५ सेकंद लागतात. गायक त्या उशिराच्या ठेक्याला धरून गायला लागला की लय मागे पडते. काही सराईत गायक एकाच कानातलं काढतात, ते यासाठीच.

सादरीकरणाच्या बाबतीत एक गोष्ट विसरली जाते. परीक्षक सभागृहात बसलेले नसतात, आपापल्या देशात बसून ते तुम्हाला दिसतं तेच कॅमेऱ्याचं चित्र पाहतात. मंचावर एका वेळी सहाच जण चालतात. दोन गाण्यांच्या मधली छोटी चित्रफीत संपायच्या आत सगळं सामान बदलावं लागतं. तेव्हा ‘मंच भव्य होता का’ यापेक्षा ‘चौकटीत काय दिसलं’ हा प्रश्न खरा. लोरीनने २०२३ साली दोन प्रकाशमान फलकांच्या फटीत आडवं पडून सुरुवात केली. चित्र लक्षात राहिलं हे झालंच, पण आडवं पडून पोटातून श्वास घेत सूर स्थिर ठेवणं हे गळ्याचंही काम होतं. असा एकाच कृतीत दोन निकषांचा मेळ बसला की परीक्षक वरचा क्रमांक देतात.

प्रश्न: एकाच परीक्षकाने आकसाने तळाला टाकलं, तर गाणं बुडतं का?

पूर्वी बुडायचं, आता तितकं नाही. २०१८च्या आधी काही वर्षं परीक्षकांच्या क्रमांकांची सरळ सरासरी निघायची. समजा पाच परीक्षकांनी एका गाण्याला १, १, २, २, २४ असे क्रमांक दिले आणि दुसऱ्याला ५, ६, ५, ६, ५. पहिल्याची सरासरी ६, दुसऱ्याची ५.४. म्हणजे चौघांना अतिशय आवडलेलं गाणं, कुणालाही फारसं न आवडलेल्या गाण्याच्या मागे पडलं.

२०१८पासून प्रत्येक क्रमांकाचं आधी गुणांत रूपांतर होतं. हे गुण वरच्या क्रमांकांना भरघोस असतात आणि खाली येताना भराभर आटत जातात. समजण्यापुरते १ला १२, २ला १०, ५ला ६, ६ला ५ आणि २४ला शून्य धरा. पहिल्या गाण्याचे ४४ होतात, दुसऱ्याचे २८. आकस धरणाऱ्याच्या हातात आता फक्त आपले गुण न देणं उरतं, दुसऱ्यांनी दिलेले तो खेचून नेऊ शकत नाही. पण पाचही जणांनी संगनमत केलं तर हे गणित काय करणार? २०२२च्या दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांच्या मतांत संशयास्पद साम्य आढळलं. ती मतं आयोजकांनी बाजूला काढली आणि त्यांच्या जागी इतर देशांच्या मतांवरून काढलेला निकाल धरला.

प्रश्न: अंतिम रात्री गायक चुकला, तर परीक्षक गुण कापतात का?

कापू शकत नाहीत, कारण त्यांचं मत आदल्या संध्याकाळीच दिलेलं असतं. अंतिम फेरीच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण वेषभूषेतली दुसरी रंगीत तालीम होते, ती ‘परीक्षकांची’. म्हणून त्या तालमीत आवाज राखून गाणं म्हणजे निम्मे गुण सोडून देणं. २०१८ साली ब्रिटनच्या सूरीच्या हातातला माईक एका घुसखोराने हिसकावला. तिला पुन्हा गायची संधी देऊ केली होती, तिने ती घेतली नाही. परीक्षकांपुरता तो प्रसंग घडलाच नव्हता. स्पेनच्या गायकाने २०१० साली अशाच प्रकारानंतर पुन्हा गायलं होतं.

प्रश्न: दुसऱ्या क्रमांकावर गाणं अपशकुनी मानतात. त्यात तथ्य आहे का?

२०२५पर्यंत दुसऱ्या क्रमांकावर गाऊन कुणीही जिंकलेलं नाही, एवढं खरं. मात्र २०१३पासून गाण्यांचा क्रम निर्माते ठरवतात, चिठ्ठ्यांवर सगळं अवलंबून नसतं. ज्यांच्याकडून फार अपेक्षा नाही अशी गाणी तिथे बसवली जात असतील, तर दोष क्रमांकाचा की गाण्याचा? लोरीन आणि जेजे, दोघंही नवव्या क्रमांकावर गायले.

प्रश्न: आम्ही आठ जण घरी गुण देतो. सगळ्या गाण्यांना सात-आठच पडतात आणि शेवटी भांडण. काय करावं?

दहापैकी गुण देणं बंद करा. पहिल्या गाण्याला तुलनेला काहीच नसतं, म्हणून माणूस घाबरत सात देतो, आणि पुढची सगळी गाणी त्या सातला बांधली जातात. त्याऐवजी प्रत्येकाने देशागणिक एक अशा २६ चिठ्ठ्या घ्याव्यात. गाणं चालू असताना चिठ्ठीवर चाल, गळा आणि चित्र यांबद्दल दोन-दोन शब्द लिहावेत. गाणं संपताच चिठ्ठी रांगेत लावावी: आधी रांगेतल्या मधल्या चिठ्ठीशी ताडून पाहा, वर की खाली? मग त्या अर्ध्या भागातल्या मधल्या चिठ्ठीशी. रांगेत २५ चिठ्ठ्या असल्या तरी जास्तीत जास्त पाच तुलनांत जागा सापडते. शेवटी सगळ्या गाण्यांची झलक दाखवतात, तेव्हा फक्त वरच्या बाराची फेरतपासणी करा. पहिली चार-पाच गाणी विसरल्यामुळे खाली गेलेली असतात, ती इथे सापडतात.

मग वरच्या दहांना १२, १०, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १ द्या. ११ आणि ९ नसतात, आणि घाईत हमखास तेच लिहिले जातात. आठ जणांची एकूण बेरीज ८ × ५८, म्हणजे ४६४ यायलाच हवी. कमी-जास्त आली तर कुणाचा तरी कागद चुकला आहे.

उलटी यादी मात्र या बेरजेत सापडत नाही. कागदाच्या माथ्यावर ‘१ = सर्वांत आवडतं’ असं ठळक लिहा. हसू नका. २०१६ साली डेन्मार्कच्या एका परीक्षकाने क्रमवारी उलटी भरली आणि ऑस्ट्रेलियाला जायचे १२ गुण युक्रेनला गेले.

प्रश्न: २०२६पासून काय बदललं?

उपांत्य फेऱ्यांत परीक्षक परत आले. २०२३ ते २०२५ मध्ये तिथे फक्त प्रेक्षकांचं मत धरलं जायचं. प्रत्येक देशाचे परीक्षक पाचांचे सात झाले आणि त्यांत किमान दोघं १८ ते २५ वयाचे असावे लागतात. प्रेक्षकाला एका वेळी २० ऐवजी १०च मतं देता येतात. स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या प्रेक्षकांची ऑनलाइन मतं २०२३पासून सुरू आहेत. ती सगळी मिळून एका देशाइतकी, म्हणजे ५८ गुणांची धरतात.

प्रश्न: बरोबरी झाली तर?

१९६९ साली नियमच नव्हता. स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स प्रत्येकी १८ गुणांवर अडकले आणि चौघांनाही विजेते म्हणावं लागलं. १९९१ मध्ये स्वीडन आणि फ्रान्स १४६वर बरोबरीत होते. दोघांकडे १२ गुण देणारे देशही सारखेच होते, तेव्हा जास्त वेळा १० मिळाले म्हणून स्वीडन जिंकलं. आता ज्याचे प्रेक्षकांचे गुण जास्त, तो वर. तुमच्या आठ जणांत ‘जास्त वेळा १२’ हा नियम ठेवा, तेही सारखे आले तर ‘जास्त वेळा १०’. आणि हे पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत कागदावर उतरवून घ्या, निकाल दिसल्यावर कुणी ऐकणार नाही.