आधी डबे उघड

प्रिय पोरी,

तुझा आठवड्याचा तक्ता पाहिला. सात दिवस, तिन्ही वेळचं खाणं, प्रत्येक चौकोनात वेगळा पदार्थ आणि खाली त्याला लागणारं सामान. बुधवारी तो मोडला आणि तू लिहिलंस, ‘माझ्यात शिस्तच नाही.’ हे वाक्य मला मुळीच पटलेलं नाही, म्हणून हे पत्र. नोकरी सांभाळून एवढा तक्ता भरणाऱ्या मुलीत शिस्त नाही असं कोण म्हणेल? चुकला आहे तो क्रम. तू आधी पदार्थ निवडलेस, मग यादी केलीस, मग खरेदीला गेलीस, आणि घरातले डबे उघडलेस ते सगळ्यात शेवटी, आणलेलं सामान भरताना. तेव्हा कळलं की कडधान्य होतंच आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यातली पालेभाजी केव्हाच काळी पडली होती.

आधी डबे उघड. मग आठवडा ठरव. मग यादी कर. मगच पिशवी उचल. हा क्रम मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

पैसे का वाचवायचे हे तुला सांगायची गरज नाही. ते कुठे जातात ते मात्र नीट बघ. तू स्वस्त दुकान शोधण्यात डोकं घालतेस, पण वस्तूची खरी किंमत पावतीवर नसतेच. एक किलो भाजी आणलीस आणि तिचा तिसरा हिस्सा फेकलास, तर पोटात गेलेली भाजी तुला दीडपट भावाने पडली. इतकी सूट कुठलाही दुकानदार रोज देत नाही. आणि हे तुझ्या एकटीच्या घरात होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातलं सुमारे साठ टक्के घराघरांतून गेलं, हॉटेलांतून किंवा दुकानांतून नाही. म्हणून म्हणते, बचत दुकानात शोधू नकोस. ती तुझ्या फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात आहे.

आता आठवडा ठरवायचा म्हणजे काय, ते. सात दिवसांचे सात बेत करू नकोस. चार किंवा फार तर पाच रात्रींचं ठरव. उरलेल्या रात्रींपैकी एक उरलंसुरलं संपवायची आणि एक मोकळी, कारण कुठल्यातरी दिवशी उशीर होणार, कुणीतरी बाहेर जेवायला बोलावणार. तुझा तक्ता बुधवारी मोडला तो असाच. त्या दिवशीचं सामान उरलं, गुरुवारचं त्यावर चढलं आणि शनिवारी दोन्ही टाकून दिलंस. तक्त्यात मोकळी जागा असती तर काहीच मोडलं नसतं.

दिवस पदार्थांना देऊ नकोस, भाज्यांना दे. जी लवकर मरते ती आधी. पालेभाज्या आणि मऊ फळं पहिल्या दोन दिवसांत संपली पाहिजेत. फुलकोबी, शेंगा, टोमॅटो आठवड्याच्या मधल्या दिवसांत. कोबी, गाजर, भोपळा, बटाटे, कांदे थांबतात, त्यांना शेवटी ठेव. कोरडं कडधान्य तर महिनोन् महिने थांबतं, म्हणून आठवड्याची शेवटची रात्र नेहमी त्याची. कडधान्य शिजवलं की वजनाने दुपटीहून जास्त भरतं, हेही लक्षात असू दे. तू दर वेळी दोन वाट्या भिजत घालतेस आणि मग पातेलंभर बघून घाबरतेस. घाबरू नकोस, मुद्दाम जास्त शिजव, पण त्याचं दुसरं जेवण आधीच ठरलेलं असू दे. एकदा शिजवलेल्यातून दोन रात्री काढणं हा या सगळ्यातला सर्वांत मोठा नफा आहे. त्यात इंधनही वाचतं आणि दमून आल्यावर बाहेरून मागवायचा मोहही.

शिजवलेलं मात्र दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, पसरट भांड्यात, म्हणजे लवकर निवतं. फ्रिज चार अंशांच्या आसपास हवा. तीन-चार दिवसांत खाल्लं जाणार नसेल तर तेव्हाच फ्रीझरमध्ये टाक, वर तारीख लिहून. शिजवलेल्या भाताला इतकेही दिवस देऊ नकोस, तो दुसऱ्या दिवशी संपव. या बाबतीत काटकसर नको. आजारपण कुठल्याही भाजीपेक्षा महाग पडतं.

साठवणीचं थोडक्यात सांगते. सफरचंद आणि केळी इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते. त्यांना वेगळं ठेव. कांदे-बटाटे एकाच टोपलीत नकोत, दोन्ही लवकर खराब होतात. पालेभाजी कोरड्या कापडात गुंडाळ. पाकिटावरच्या तारखाही नीट वाच. ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ ही चवीची, कुरकुरीतपणाची मुदत असते, ती उलटली म्हणजे वस्तू विष झाली असं नाही. ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ असं असेल तर मात्र ती तारीख पाळायचीच. तू दोन्हींना एकच समजून अर्धं कपाट रिकामं केलंस, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

दुकानाबद्दल फार बोलायचं नाही. जेवून जा. पाकिटाची किंमत बघू नकोस, किलोमागची किंवा लिटरमागची बघ. ‘दोनावर एक फुकट’ हे तिसरं पाकीट तुझ्या आठवड्यात कुठे बसतं ते आधी विचार. बसत नसेल तर ते फुकट नाही. आणि हा प्रश्न तुला तेव्हाच सुचेल, जेव्हा घरातून निघताना डबे उघडून आलेली असशील. बघ, परत तिथेच आलो.

तू विचारलं आहेस की असं जगणं चिकट नाही का वाटत. हे ऐकून मी चिडले, कारण हाच शब्द मी आयुष्यभर ऐकला. यादीत नसलेली वस्तू मी परत फळीवर ठेवली की बरोबरचे एकमेकांकडे बघायचे. उरलेल्या भाजीचं दुसऱ्या दिवशी काहीतरी केलं की कुणीतरी म्हणायचंच, ‘हिच्याकडे काही टाकत नाहीत.’ नाही टाकत. माझ्या घरी आलेलं कुणी उपाशी गेलं नाही, कुणाच्या ताटात मी मोजून वाढलं नाही. अन्न कचऱ्यात घालून हात सैल असल्याचं दाखवायचं, याला मी औदार्य मानत नाही, आजही नाही. जे वाचलं त्यातून मला नकोशी नोकरी सोडता आली, पुढची मिळेपर्यंत कुणापुढे हात पसरावा लागला नाही. तो शब्द मी सहन केला आणि पुन्हा करेन. तूही कर.

खंत एकच आहे. हे काम मी वर्षानुवर्षं एकटीने डोक्यात वाहिलं. काय संपलं, काय नासायला आलं, उद्या काय, हे सगळं मलाच माहीत. घरातल्या बाकीच्यांना वाटायचं, जेवण आपोआप ठरतं. मी आजारी पडले की सगळं ठप्प व्हायचं आणि सामान दुप्पट यायचं. तुम्ही तिघी एकत्र राहता, खर्चही वाटून घेता, तरी प्रत्येक जण आपापलं दूध आणते आणि त्यातलं एक फाटतं. तू त्यांची तक्रार करतेस, पण त्यांना काय आहे आणि काय नाही हे कळायचं कुठून? फ्रिजच्या दारावर कागद लाव. जी वस्तू संपवेल ती लिहील, आणि जे आधी संपायला हवं त्याचं नाव सगळ्यात वर. ज्ञान एकीच्या डोक्यात राहिलं तर माझी जी दमछाक झाली तीच तुझी होईल, आणि मग तू वैतागून सगळंच सोडशील. ते मला नको आहे.

या शनिवारी नवा तक्ता करू नकोस. जेवण झाल्यावर दोघींना हाक मार. एकीने डबे, फ्रिज, फ्रीझर उघडायचे, एकीने मोठ्याने सांगायचं, एकीने लिहायचं. पिठापासून अर्ध्या लिंबापर्यंत सगळं. मग त्या कागदातून किती रात्री निघतात ते मोजा. माझा अंदाज आहे, निदान दोन निघतील. तेवढं ठरल्याशिवाय कुणीही खरेदीला जायचं नाही. तो कागद मला पाठव, म्हणजे पुढच्या रात्रींचं आपण फोनवर बोलू.

तुझी,
मावशी