वाचकांचे प्रश्न: जुन्या ग्राफिक्स कार्डात मेमरी वाढवताना

प्रश्न: एस३ ट्रायो६४व्ही+ चिपचं पीसीआय कार्ड आहे. १ एमबी सोल्डर केलेली, शेजारी दोन रिकामी सॉकेटं. बंद पडलेल्या दुसऱ्या कार्डावरच्या दोन चिप्स त्यात बसवल्या. चालू करताना २ एमबी दिसते, पण विंडोज ९५ मध्ये पडदाभर रंगीत ठिपके लुकलुकतात. कोणतीही एक चिप काढली की चित्र स्वच्छ. मग नेमकी खराब कोणती?

उत्तर: एक चिप काढून काहीच कळत नाही. त्या सॉकेटांतली प्रत्येक चिप २५६के × १६ (२५६ × १०२४ जागा, प्रत्येकी १६ बिटची), म्हणजे ५१२ केबीची आणि १६ बिट रुंद असते. सोल्डर केलेल्या दोन मिळून ३२ बिट, चारही असल्या तर ६४ बिट. एक जरी काढली तरी कार्डाचं बायॉस (चालू होताना चालणारा कार्डातला प्रोग्राम) जोडी अपुरी धरतं आणि पुन्हा १ एमबी, ३२ बिटवर येतं. उरलेली नवी चिप तेव्हा वापरातच नसते, त्यामुळे चित्र स्वच्छ दिसणारच.

आधी बिघाडाचा आकार पाहा. ठरावीक अंतरावर, जागा न सोडणाऱ्या उभ्या रेषा असतील तर एखादी डेटा लाइन जोडली गेलेली नाही. २५६ रंगांत एक पिक्सेल म्हणजे एक बाइट, म्हणून दर आठ पिक्सेलांतले शेजारशेजारचे दोन एका चिपचे असतात. हायकलरमध्ये (१६ बिट रंग, पिक्सेलला दोन बाइट) दर चारांतला एक. अशा वेळी दोन्ही चिप्सची अदलाबदल करा. रेषा सरकल्या तर दोष चिपचा, तिथेच राहिल्या तर सॉकेटचा.

तुमचे ठिपके मात्र लुकलुकतात. हे बहुतेक वेळा चिपच्या जातीचं किंवा वेगाचं दुखणं असतं. या कार्डांवर फास्ट पेज आणि ईडीओ अशा दोन जातींची मेमरी येते. ईडीओमध्ये कॅस सिग्नल (मेमरीतला कॉलम निवडणारा) वर गेल्यावरही डेटा टिकून राहतो, फास्ट पेजमध्ये तो तिथेच जातो. कार्ड ईडीओसाठी लावलेलं असेल (हे बोर्डावरचे बारीक रेझिस्टर ठरवतात) तर ते डेटा उशिरा वाचतं. तोवर फास्ट पेज चिपने हात वर केलेले असतात आणि पडद्यावर कचरा दिसतो. उलट मिश्रण कधी चालतं, कधी नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

सोल्डर केलेल्या चिप्सचे नंबर वाचा आणि नव्या त्याच जातीच्या आणा. सॅमसंगची केएम४१६सी२५६ फास्ट पेज, केएम४१६सी२५४ ईडीओ. हिताचीची एचएम५१४२६० फास्ट पेज, एचएम५१४२६५ ईडीओ. आयएसएसआयची आयएस४१सी१६२५६ मात्र ईडीओ आहे, तेव्हा नुसते २५६ हे आकडे पाहून निर्णय घ्याल तर फसाल. नंबरात ‘सी’च्या जागी ‘व्ही’ किंवा ‘एलव्ही’ असेल तर ती ३.३ व्होल्टची, ५ व्होल्टच्या सॉकेटात घालू नका. शेवटचा आकडा वेगाचा: ६ किंवा ६० म्हणजे ६० नॅनोसेकंद. सोल्डर केलेल्या ६० च्या असतील तर नव्या ६० किंवा ५० च्याच हव्यात, ७० च्या नकोत. शिवाय त्याच आकाराच्या काही चिप्सना कॅस एक आणि राइट (लिहिण्याचा सिग्नल) दोन असतात. सॉकेटात त्या बिनतक्रार बसतात, पण इथे कामाच्या नाहीत. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) दोन कॅस, एक राइट असल्याची खात्री करा.

प्रश्न: तसंच कार्ड, पण दोन्ही चिप्स बसवूनही १ एमबीच दिसते.

उत्तर: लगेच बंद करा आणि चिपची दिशा तपासा. चिपवरचा ठिपका सॉकेटच्या कापलेल्या कोपऱ्याकडे हवा. या ४० पायांच्या चिपमध्ये १, ६ आणि २० नंबरवर ५ व्होल्ट, २१, ३५ आणि ४० वर ग्राउंड असतं. उलटी बसवली की १ च्या जागी २१ आणि २० च्या जागी ४० येतो, म्हणजे वीज थेट उलटी. अशी चिप क्षणात तापते आणि सहसा वाचत नाही.

दिशा बरोबर असेल तर संपर्क पाहा. हॉट एअरने काढलेल्या चिपच्या पायांवर जुनं सोल्डर साचलेलं असतं. ते सोल्डर विकने (वितळलेलं सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) सपाट करा, नाहीतर पाय नीट टेकत नाहीत, वर सॉकेटच्या पत्त्या कायमच्या फाकतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने पाय आणि सॉकेट दोन्ही पुसा, पूर्ण वाळू द्या. चिप बसवताना अंगठ्याने सरळ दाबा, बोर्डाखाली आधार ठेवा. काढताना कोपऱ्यांतल्या खाचांतून आळीपाळीने थोडं थोडं उचला. एकाच बाजूने जोर लावला की जुनं प्लास्टिक तडकतं.

मशीन नुसतं बीप देऊन थांबलं तर मदरबोर्डच्या एएमआय बायॉसवर आठ छोटे बीप म्हणजे डिस्प्ले मेमरीचा दोष, अवॉर्डवर एक लांब आणि दोन छोटे म्हणजे व्हिडिओचा.

प्रश्न: बूटला २ एमबी दिसते, चित्रही स्वच्छ. पण विंडोज ९५ मध्ये १०२४ × ७६८ ला हायकलर मिळत नाही.

उत्तर: त्याला लागतात १५,७२,८६४ बाइट, म्हणजे २ एमबीत सहज बसतं. ड्रायव्हर ‘स्टँडर्ड डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ आहे का पाहा आणि तसं असेल तर एस३ चा घाला. मॉनिटरचा प्रकारही नीट निवडा, यादी त्यावरही ठरते. १०२४ × ७६८ ला २४ बिट मात्र मिळणार नाही, त्याला २३०४ केबी लागतात.

प्रश्न: एस३ व्हर्ज कार्ड २ वरून ४ एमबी केलं तर वेग वाढेल का?

उत्तर: विंडोजमध्ये नाही. २ एमबीवरच ते ६४ बिट असतं, ट्रायोसारखी दुप्पट रुंदी इथे मिळत नाही. फायदा थ्रीडीत. ६४० × ४८०, १६ बिटला दोन फ्रेम बफर (पडद्याची चित्रं) आणि झेड बफर (प्रत्येक पिक्सेलची खोली) मिळून १८०० केबी जातात. २ एमबीत टेक्स्चरला (पृष्ठभागांवर चिकटवायच्या चित्रांना) फक्त २४८ केबी उरतात, ४ एमबीत २२९६. चारही सॉकेटं भरा.

प्रश्न: मॅट्रॉक्स मिस्टीकला मिलेनियमचं मेमरी मॉड्यूल चालेल का?

उत्तर: नाही. मिस्टीकची मेमरी एसजीरॅम, मिलेनियमची डब्ल्यूरॅम, या दोन वेगळ्या जाती. विकत घेण्याआधी मॉड्यूलवरच्या चिपचा नंबर वाचा, विक्रेत्याने लावलेल्या चिठ्ठीवर जाऊ नका.