मुलीकडून हरला, म्हणून काय बिघडलं?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा. शाळेच्या स्पोर्ट्स डेला धावण्यात वर्गातली एक मुलगी पहिली आली, हा दुसरा. ठाण्याहून आजोबा व्हिडिओ कॉलवर हसत म्हणाले, "काय रे, मुलीकडून हरलास?" तेव्हापासून पठ्ठ्या धावायलाच तयार नाही. यांचं म्हणणं, मुलामुलींच्या शर्यती वेगळ्याच हव्यात, शाळेला ईमेल करू. करावा का?

उत्तर: ईमेल नको. फोन करा, तोही ठाण्याला.

नवव्या वर्षी मुलगा-मुलगी यांच्या धावण्यात फरक असतो तो किरकोळ. त्यात मुली साधारण दोन वर्षं आधी उंच होतात. सहावीच्या वर्गाचा कुठलाही फोटो काढून बघा, मागच्या रांगेत मुलीच उभ्या दिसतील. तेव्हा तुमचा लेक हरला तो जास्त वेगाने धावणाऱ्या मुलीकडून, एवढंच.

मुलगे वयात आले की मात्र गणित बदलतं. टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू भरतात, ताकद वाढते. अव्वल धावपटूंमध्ये स्त्री-पुरुषांच्या वेळेत 10 ते 12 टक्क्यांचं अंतर राहतं. गोळाफेकीत तर गोळाच वेगळा, पुरुषांना 7.26 किलोचा, स्त्रियांना 4 किलोचा. त्या वयात स्पर्धा वेगळ्या हव्यात त्या मुलींसाठी, नाहीतर अंतिम फेरीत त्या दिसायच्याच नाहीत. आपल्याकडच्या शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत, मुलामुलींच्या स्वतंत्र होतात. तुमच्याकडे फुटबॉलमध्ये 18 वर्षांखालच्या गटापर्यंत मिश्र संघ चालतात. मला विचाराल तर सराव खुशाल एकत्र करा, बक्षिसं तेवढी वेगळी ठेवा.

पण तुमच्या घरचं दुखणं वेगळंच आहे. इथे ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी बघा. मुलगी बॅटिंगला आली की पोरं एकदम हळू, अंडरआर्म टाकायला लागतात. स्टंप उडाला तरी "जाऊ दे, कच्चा लिंबू आहे!" चांगलं खेळणारी पोरगी चिडून बॅट टाकते आणि वर निघून जाते. तिला दिलेली ही सूट आणि तुमच्या मुलाला मारलेला तो टोमणा, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत: मुलगी म्हणजे कमीच.

आजोबांशी वाद घालू नका, क्रिकेटवर बोला. 2 नोव्हेंबर 2025 ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, ती फायनल त्यांनी बघितली असणारच. त्यात 87 धावा करणारी शफाली वर्मा लहानपणी केस कापून, मुलगा बनून मुलांमध्ये खेळली, कारण मुलींना शिकवायला कोणी तयार नव्हतं. तिच्याकडून आउट झालेल्या पोरांना घरी कोणी काय म्हटलं असेल, हे आजोबांनाच विचारा. हसतील, आणि नातवाला परत फोन लावतील.

ईमेल करायचाच असेल तर धाकटी माध्यमिक शाळेत जाईल तेव्हा करा. मुलींच्या संघाला मैदान कुठल्या वेळेला मिळतं आणि प्रशिक्षक मुलांचाच उरलासुरला तर नाही ना, एवढं त्यात विचारा.